काठमांडूला जायचे, पण कशाने?

नेपाळची सहल ठरली की घरात पहिली चर्चा होते भाड्याची. विमानाचे किती, रेल्वेचे किती, गोरखपूरहून गाडी केली तर माणशी किती पडेल. वहीच्या मागच्या पानावर बेरजा होतात, विमान महाग आणि रेल्वे स्वस्त असा निकाल लागतो, आणि हिशेब चुकतो तो तिथेच. मुंबई-पुण्याहून सीमेपर्यंतचा प्रवास लांबचा असला तरी आपल्या ओळखीचा आहे. डबे, चहा, उशीर, सगळे सवयीचे. खरा प्रश्न सीमेपलीकडचा. तराईच्या सपाटीवरून काठमांडूच्या खोऱ्यात जायला मधला डोंगर ओलांडावा लागतो. तो तुम्ही कोणत्या महिन्यात, कोणत्या वाहनाने आणि दिवसा की रात्री ओलांडणार, हे आधी ठरवावे; भाड्याची बेरीज त्यानंतर.

विमान हा सोपा पर्याय, म्हणून तो आधी उरकू. मुंबईहून थेट विमान मिळाले तर तीन तासांच्या आत-बाहेर काठमांडू येते. पण या थेट फेऱ्या कंपन्या सोयीनुसार सुरू करतात आणि बंदही करतात, त्यामुळे बऱ्याच जणांची वाट दिल्लीवरून जाते. दिल्ली ते काठमांडू पावणेदोन तास आणि दिवसभरात अनेक विमाने. मुंबईहून जाऊन-येऊन भाडे साधारण वीस हजारांपासून सुरू होते आणि मे महिन्यात किंवा दिवाळीत कुठवर जाईल याला धरबंध नाही. दिल्लीहून जाताना डाव्या खिडकीची जागा मागून घ्यावी, परतताना उजव्या. हवा स्वच्छ असेल तर उतरण्याआधी बराच वेळ हिमालयाची रांग खिडकीच्या उंचीवर सोबत चालते. ज्यांना गुडघेदुखीमुळे ट्रेकचे नाव काढता येत नाही, त्यांच्यासाठी ही खिडकी म्हणजे अर्धी सहल.

विमानाची अडचण भाड्यात कमी आणि काठमांडूच्या विमानतळात जास्त आहे. त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच, आजूबाजूला डोंगर, आणि देशी-विदेशी सगळी वाहतूक त्याच पट्टीवर. गर्दीच्या वेळी विमान वरच घिरट्या घालत राहते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खोऱ्यात धुके साचते, आणि त्याच दिवसांत दिल्लीही धुक्यात असते. म्हणजे मुंबई–दिल्ली एक तिकीट आणि दिल्ली–काठमांडू दुसरे, असे दोन वेगळ्या कंपन्यांचे स्वस्त तुकडे जोडून हिवाळ्यात पहाटेचे विमान धरणे हा सरळ जुगार आहे. पहिले विमान चुकले तर दुसरी कंपनी तुमची कोणी लागत नाही. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढावा. पाच-सात हजार जास्त गेले तरी चालतील.

कागदपत्रांचा गोंधळ विमानतळाच्या काउंटरवर हमखास होतो. १९५०च्या मैत्री करारापासून नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्यावरून ‘आधार कार्ड पुरे’ असा समज पसरतो आणि सहलीच्या दिवशी नडतो. चालते ते पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधारची सवलत फक्त १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. १५ ते १८ वयोगटातल्या मुलामुलींसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे ओळखपत्र लागते, म्हणून सुट्टी लागण्यापूर्वीच ते घेऊन ठेवावे. पासपोर्ट असेल तर हा सगळा विषयच मिटतो.

आता रेल्वे. आपल्याकडून नेपाळची राजवाट गोरखपूरवरून जाते. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्स्प्रेस नाशिक रोड, जळगाव, भुसावळ, भोपाळ, झाशी, लखनऊ करत साधारण तीस तासांत गोरखपूरला पोचवते. काशी एक्स्प्रेस जबलपूर, प्रयागराज, वाराणसी असा वळसा घेते आणि आणखी काही तास खाते. पण काशीला उतरून दोन दिवसांनी पुढे जायचे असेल तर तीच बरी. स्लीपरचे तिकीट हजाराच्या आत, थ्री एसीचे दोन हजारांच्या आसपास. या गाड्या पर्यटकांच्या नव्हेत. मुंबईत राबणारा पूर्वांचल यांतून गावी जातो, त्यामुळे होळी, छठ आणि लग्नसराईत आरक्षित डब्यातही पाय ठेवायला जागा नसते. गोरखपूरचा फलाट १,३६६ मीटर लांब. २०१३ पासून तो जगातला सर्वांत लांब फलाट होता. २०२३ मध्ये हुबळीने तो मान हिरावून घेतला. डबा कुठे लागणार हे आधी विचारले नाही, तर सामान ओढताना या विक्रमाची जाणीव चांगलीच होते.

गोरखपूरहून सोनौलीची सीमा शंभरेक किलोमीटर. बस, शेअर जीप, टॅक्सी, सगळे मिळते आणि अडीच-तीन तास लागतात. सीमेवर दोन कमानी, मालट्रकांची न संपणारी रांग आणि तिच्या कडेकडेने चालत जाणारी माणसे. डोक्यावर गाठोडे घेतलेल्या बाया, सायकलवर सिमेंटचे पोते, शाळेची मुले, सगळे इकडून तिकडे जात-येत असतात. त्यांना कोणी थांबवत नाही आणि बहुधा तुम्हालाही नाही. शिक्का नाही, फॉर्म नाही. त्या बाजूच्या गावाचे नाव बेलहिया. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे. पैशांच्या टेबलावर भाव विचारण्याची गरज नाही, कारण भारताचे शंभर म्हणजे नेपाळचे एकशे साठ हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. जास्त कापून घेणारा तुम्हाला नवखा समजतो आहे, एवढे ओळखावे. शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर नेपाळात बरीच वर्षे बंदी होती. हे नियम अलीकडे सैल होऊ लागले असले तरी खिशात शंभराच्या नोटा असलेल्या बऱ्या. मार्च २०२४ पासून तिकडच्या दुकानांत नेपाळच्या ‘फोनपे’ (Fonepay) कंपनीच्या क्यूआरवर आपले यूपीआय चालू लागले आहे. काठमांडू-पोखऱ्यात त्याचा चांगला उपयोग होतो. घाटातल्या ढाब्यावर त्यावर विसंबू नये.

इथवर सगळे झकास. बेलहियाहून चार किलोमीटरवर भैरहवा आणि तिथून काठमांडू पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. नकाशावर पाहिले तर पुणे–नागपूरच्या निम्मेही नाही. बसवाला आठ तास सांगतो. दहा धरावेत, बाराची तयारी ठेवावी. बुटवलपासून नारायणगढपर्यंत रस्ता बहुतेक सपाट आहे, पण रुंदीकरणाचे काम इतकी वर्षे रखडले की धूळ आणि खड्डे हीच त्या टापूची ओळख झाली आहे. नारायणगढला रस्ता नदीकाठी वळतो आणि डोंगर सुरू होतो. तिथून मुगलिन छत्तीस किलोमीटर, मुगलिनहून काठमांडू एकशे दहा. या दीडशे किलोमीटरवर तुमचा दिवस चांगला जाणार की वाईट, हे ठरते.

मुगलिनला त्रिशूली आणि मर्स्यांगदी या नद्या मिळतात, आणि पोखऱ्याहून येणारा रस्ताही इथेच मिळतो. जवळजवळ प्रत्येक बस इथे किंवा मागेपुढे जेवायला थांबते. स्टीलच्या ताटात भाताचा डोंगर, काळी डाळ, मोहरीच्या तेलातली भाजी, मुळ्याचे लोणचे. भात आणि डाळ मागाल तितकी वाढतात. जेवून बाहेर आले की खाली नदीचा राखाडी प्रवाह दिसतो, त्यावर लोंबकळते पायपूल, आणि वरच्या उतारावर ताज्या दरडीची लाल जखम. देखणा रस्ता आहे. पण एका बाजूला सुटत्या दगडांचा कडा, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मधल्या दोन पदरांत भारतातून येणाऱ्या मालट्रकांपासून काठमांडूच्या भाजीपर्यंत सगळे.

१२ जुलै २०२४च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास याच नारायणगढ–मुगलिन टप्प्यात सिमलताल इथे दरड कोसळली आणि साठहून अधिक प्रवाशांसह दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या. त्यातली एक वीरगंजहून काठमांडूला निघालेली रात्रीची बस होती. पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, पोखऱ्याहून काठमांडूकडे येणारी बस तनहुं जिल्ह्यात आइना पहारा इथे मर्स्यांगदीत कोसळली. बस गोरखपूरची, प्रवासी बहुतेक जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ भागातले. २७ जण गेले. वायुसेनेच्या विमानाने मृतदेह जळगावला आणावे लागले. त्यानंतर आपल्याकडे आठवडाभर चर्चा झाली ती परदेशात मदत कशी मिळते याची. ऑगस्टमध्ये हा घाट बसने करावाच का, हे फारसे कोणी विचारले नाही. अपघात कोणत्याही रस्त्यावर, कोणत्याही महिन्यात होतो, हे खरे. पण जून ते सप्टेंबर या रस्त्यावर दरडी येतात, ही काही अनपेक्षित घटना नव्हे. आपल्याकडे आंबोलीत धुके येते तितकी ती ठरलेली गोष्ट आहे. सप्टेंबर २०२४च्या अखेरच्या पुरात तर काठमांडूला जोडणारे महामार्ग दिवसेंदिवस बंद होते.

म्हणून दोन नियम मी स्वतःपुरते पक्के केले आहेत. पावसाळ्यात काठमांडूला रस्त्याने जायचे नाही, आणि कोणत्याही महिन्यात रात्रीच्या बसने जायचे नाही. यात्रा कंपन्या रात्रीचा प्रवास का ठेवतात हे उघड आहे, हॉटेलची एक रात्र वाचते. ती बचत त्यांची असते. गोरखपूरला सकाळी उतरलेला गट संध्याकाळी बसमध्ये बसवून पहाटे काठमांडूला नेला जातो, तेव्हा चालक किती तास गाडी चालवतो आहे हे विचारणे प्रवाशाचे काम आहे. तिकीट काढतानाच विचारावे.

दुसरा जमिनीचा रस्ता रक्सौल–वीरगंजचा. मुंबईहून रक्सौलला थेट गाडी आहे, पण आठवड्यातून मोजक्या दिवशी. वीरगंजहून मोठी बस हेटौंडा, नारायणगढ, मुगलिन असा लांबचा फेरा घेते, म्हणजे पुन्हा तोच टप्पा. सुमो जीप मात्र हेटौंड्याहून कुलेखानीमार्गे थेट डोंगरात शिरते आणि पाच-सहा तासांत काठमांडूला पोचते. रस्ता अरुंद, चढ खडा, मागच्या आडव्या बाकावर बसलेल्याला पोटातले सगळे आठवते. हेटौंड्यालाच आणखी एक फाटा आहे, त्रिभुवन राजपथाचा. १९५०च्या दशकात भारताच्या मदतीने बांधलेला हा काठमांडूचा पहिला मोटाररस्ता. तो अडीच हजार मीटरच्या जवळपास चढतो, आणि दामनहून आकाश मोकळे असेल तर हिमालयाची लांबच लांब रांग एका नजरेत येते. आज त्यावर कोणी घाईने जात नाही. ज्याला घाई नाही त्याने नोव्हेंबरात स्वतंत्र गाडी करून जावे.

वीरगंजचा खरा फायदा वेगळाच आहे. तिथून सिमरा विमानतळ वीसेक किलोमीटर, आणि सिमरा–काठमांडू विमान हवेत असते जेमतेम पंधरा-वीस मिनिटे. भैरहव्याहूनही तसेच, अर्ध्या तासाचे विमान. रेल्वेने सीमेपर्यंत जायचे आणि घाट तेवढा वरून ओलांडायचा, हा पर्याय आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातीत फारसा दिसत नाही. माझ्या मते त्याचा विचार आवर्जून करावा. दोन गोष्टी मात्र माहीत असाव्यात. नेपाळच्या देशांतर्गत विमानांत भारतीयांना नेपाळी नागरिकांपेक्षा वेगळे, जास्तीचे भाडे असते. दुसरी गोष्ट गंभीर आहे. २०१३च्या डिसेंबरात युरोपीय संघाने नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली, आणि जानेवारी २०२३ मध्ये पोखऱ्याजवळ विमान कोसळून ७२ जण गेले, त्यांत पाच भारतीय होते. एवढे असूनही रात्रीची बस आणि दुपारच्या स्वच्छ हवेतले हे छोटे विमान यांत मी विमान निवडेन. ज्याला ते पटत नसेल त्याने भारतीय कंपनीचे दिल्ली–काठमांडू विमान घ्यावे, किंवा दिवसाउजेडी गाडी. तिन्हींत चूक काही नाही.

दिल्लीहून थेट बसचाही एक पर्याय आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये, काठमांडूतल्या सार्क परिषदेच्या तोंडावर, दिल्ली–काठमांडू बस मोठ्या थाटात सुरू झाली. पुढे वाराणसीहून आणि बिहारमधूनही सेवा आल्या. एकदा बसले की सीमेवर वाहन बदलायचे नाही, ही सोय. पण दिल्लीहून तीसेक तास एकाच आसनावर बसणे कॉलेजच्या वयात जमते. मुंबईकराने आधी दिल्ली गाठायची आणि मग हे करायचे, यात तर अर्थच नाही.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांची संख्या मात्र वाढते आहे. पुणे-नाशिकच्या बाइकवाल्यांचे गट दर हिवाळ्यात तिकडे जातात. मुंबईहून अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे जकात कचेरीत गाडीचे दिवसागणिक शुल्क भरायचे, वाहतूक परवाना घ्यायचा, आणि पावती काचेला चिकटवल्यासारखी जपायची. जितके दिवस लिहिले त्यापेक्षा एक दिवस जरी जास्त राहिलात तरी दंड. आरसी, परवाना, विमा, पीयूसी यांच्या मूळ प्रती लागतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे संमतीपत्रही न्यावे. बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. आपला नेहमीचा मोटार विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. नेपाळसाठी थोडा जादा हप्ता भरून भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावे लागते आणि तशी नोंद पॉलिसीवर असावी लागते. ती नसेल तर मुगलिनच्या घाटात घासलेल्या दाराचा खर्च तुमचाच. आणि दारू पिऊन चालवणाऱ्यांना काठमांडूचे वाहतूक पोलीस सोडत नाहीत. तिथे तपासणी रोजची आहे.

या सगळ्यावर कायमचा तोडगा म्हणून एक रेल्वे गेली काही वर्षे कागदावर धावते आहे. रक्सौल ते काठमांडू, सुमारे १४० किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग. यात आपला जिव्हाळ्याचा धागा असा की त्याची पाहणी कोकण रेल्वेने केली आहे. २०१८ मध्ये दोन्ही देशांत प्राथमिक पाहणीचा करार झाला, २०२१ मध्ये अंतिम पाहणीचा. सह्याद्रीत बोगदे खणणाऱ्यांना हे काम मिळाले यात नवल नाही. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या बिहारमधल्या जयनगर ते जनकपूर-कुर्था रेल्वेसाठी गाड्याही कोकण रेल्वेनेच पुरवल्या. जनकपूरपर्यंत रेल्वेने जाता येते, पण तिथून काठमांडूला पुन्हा डोंगर आहेच. नेपाळी लष्कर बांधत असलेला निजगढ–काठमांडू द्रुतगती मार्ग वर्षानुवर्षे लांबतो आहे. खोऱ्याच्या तोंडाशी नागढुंग्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा २०२४ मध्ये आरपार खोदला गेला. त्यामुळे शेवटचा चढ सुसह्य होईल. नारायणगढ–मुगलिनच्या दरडींवर मात्र त्याचा उपाय नाही. थोडक्यात, यंदाच्या सहलीचा बेत यांतल्या कशावरही बांधू नये.

मग कोणी काय करावे? फक्त पशुपतिनाथ, स्वयंभू, भक्तपूर बघून चार-पाच दिवसांत परत यायचे असेल तर विमान. वयस्कर आई-वडील बरोबर असतील तरी विमान. भाड्यात वाचलेले पैसे परतीच्या थकव्यात आणि औषधांत जातात. पण दहा-बारा दिवस हाताशी असतील तर थेट विमानाने काठमांडूत उतरणे म्हणजे नेपाळचा अर्धा भाग वगळणे. अशांनी गोरखपूरमार्गे जावे. वाटेत भैरहव्यापासून वीसेक किलोमीटरवर लुंबिनी आहे, पुढे चितवनचे अरण्य, मुगलिनच्या अलीकडे-पलीकडे मनकामना देवीच्या मंदिराचा रोपवे. प्रत्येक ठिकाणी मुक्काम केला तर रस्त्याचे दहा तास तीन दिवसांत विभागले जातात आणि सगळा प्रवास उजेडात होतो. परत येताना काठमांडूहून विमान घ्यावे. जाताना रेल्वे, येताना विमान हा मला आढळलेला सर्वांत शहाणा मेळ, खर्चातही आणि अंगातही. गोरखपूरला आता मुंबईहून विमानही जाते, तेव्हा तीस तासांची रेल्वे नको असेल तर तो टप्पाही कमी करता येतो. काशीयात्रेला जोडून जाणाऱ्यांनी वाराणसी–काठमांडू विमान कोणत्या वारी आहे ते पाहावे. ते रोज नसते, पण मिळाले तर उलट दिल्लीला जायची गरज उरत नाही.

एक दिवस मात्र रिकामा ठेवावा, विमान असो वा बस. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूतल्या आंदोलनात विमानतळच बंद झाला होता. धुके, दरड, बंद, यांतले काही ना काही तिथे होतच असते. सोमवारी कचेरीत हजर व्हायचे असेल तर रविवार संध्याकाळचे परतीचे विमान घेऊ नका.

महिना निवडायला मोकळीक असेल तर ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबरचा पहिला आठवडा, किंवा मार्च-एप्रिल. दिवाळीचा आठवडा टाळा. तेव्हा गोरखपूरच्या गाड्यांत छठची गर्दी असते, आणि सीमेपलीकडे तिहारसाठी, म्हणजे तिथल्या दिवाळीसाठी, गावी निघालेल्या नेपाळी लोकांनी बस भरलेल्या असतात. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि कुशीनगरची खालची बर्थ पहिल्या सकाळीच संपते, तेव्हा तारीख ठरवून आजच कॅलेंडरवर खूण करा.